नोंदी साध्या फाईलमध्ये ठेवून पीअर-टू-पीअर ब्राउझरने जुळवता येतात का?

टेकडीकर

नमस्कार. गेली अनेक वर्षे मी आठवड्यातून दोनदा तरी पुण्याच्या वेताळ टेकडीवर जातो आणि कोणत्या झाडाला पालवी फुटली, कोणते फुलोऱ्यावर आले, गिरिपुष्पाने आणखी किती जागा अडवली, याच्या नोंदी ठेवतो. पहिली दोन वर्षे या नोंदी वहीत होत्या, पुढे त्या मोबाईलवरच्या एका ॲपमध्ये गेल्या. एके दिवशी त्या ॲपमधून सगळा मजकूर बाहेर काढायची वेळ आली, तेव्हा मजकूर तर आला, पण प्रत्येक नोंदीवर तो बाहेर काढल्याच्या दिवसाची तारीख पडली होती आणि मूळ तारखा नाहीशा झाल्या होत्या. पळस कधी फुलला हे सांगणाऱ्या नोंदीतून तारीखच गेली, तर मागे पळसाचे वर्णन तेवढे उरते, आणि ते कोणत्याही पुस्तकात मिळते. मी तक्रार केली. उत्तर नम्र होते, उपयोगाचे नव्हते.

तेव्हापासून एक फेरी म्हणजे एक फाईल, असा नियम केला. आत साधा मजकूर आणि मार्कडाउनच्या (शीर्षक, दुवा वगैरे साध्या चिन्हांनी दाखवण्याच्या पद्धतीच्या) चार खुणा असतात. फाईलच्या नावातच आधी वर्ष, महिना, दिवस आणि मग जागा लिहितो. अशी फाईल कोणत्याही संगणकावर उघडते आणि ती उघडण्यासाठी कोणाकडे खाते काढावे लागत नाही.

प्रश्न जुळवणीचा आहे. घरी डेस्कटॉप आहे, महाविद्यालयात लॅपटॉप नेतो आणि टेकडीवर फोन असतो. २०१८ च्या सुमारास मी यासाठी बीकर नावाचा ब्राउझर वापरू लागलो. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पॉल फ्रेझी आणि तारा व्हॅन्सिल यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला हा ब्राउझर नेहमीची संकेतस्थळे दाखवायचाच, पण आपल्या संगणकावरचे एखादे फोल्डर तो थेट संकेतस्थळ म्हणूनही मांडू शकत असे. त्या फोल्डरला एक लांबलचक पत्ता मिळे. तो पत्ता दुसऱ्या संगणकावरच्या बीकरमध्ये टाकला, की फाईली माझ्या संगणकावरून सरळ तिकडे जात आणि मध्ये कोणाचा सर्व्हर लागत नसे; यालाच पीअर-टू-पीअर म्हणतात. यामागची पद्धत होती डॅट, जी मॅक्स ऑग्डेन यांनी २०१३ मध्ये शास्त्रीय विदा (डेटा) वाटून घेण्यासाठी सुरू केली होती. त्यामुळे माझ्यासारख्या वनस्पतीवाल्याला ती आपल्या घरची वाटली, यात नवल नाही.

२०२० मध्ये या पद्धतीचे नाव हायपरकोअर झाले, बीकरनेही पत्त्यांचा उपसर्ग बदलला आणि माझी सगळी मांडणी नव्या पत्त्यांवर उतरवून घ्यावी लागली. डिसेंबर २०२२ मध्ये तर बीकरचा प्रकल्पच गुंडाळला गेला. या सगळ्यात माझ्या एकाही नोंदीला धक्का लागला नाही, कारण त्या फाईली डिस्कवर होत्या तशाच होत्या. गेला तो फक्त त्या पाहण्याचा आणि वाटण्याचा मार्ग. सध्या मी पेनड्राइव्हवर आलो आहे आणि दोनदा जुनी प्रत नव्यावर चढवून बसलो आहे. ही जुळवणी सर्व्हरशिवाय पुन्हा कशी बसवावी, आणि ती ब्राउझरनेच करण्यात अर्थ आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

खतावणी

टेकडीकर, आपला प्रश्न वाचून बरे वाटले. मी आयुष्यभर हिशेब लिहिले, निवृत्तीनंतर हा नाद लागला, आणि हायपरकोअर मला समजले ते आमच्या जुन्या भाषेतच. ते तसेच सांगतो.

हायपरकोअर ही रोजकीर्द, म्हणजे रोजचे व्यवहार क्रमाने लिहायची वही आहे. रोजकीर्दीत खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर उलटी नोंद करायची, पान फाडायचे नाही. हायपरकोअरमध्येही मजकूर केवळ शेवटी जोडला जातो. जोडलेल्या प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा (मजकूर जरा बदलला तरी बदलणारा छोटा आकडा) घेतला जातो, दोन ठशांचा मिळून एक, अशा दोहोंचा आणखी एक, असे करत वरपर्यंत ठशांचे झाड उभे राहते, आणि शेंड्यावर मालकाच्या खाजगी कीची, म्हणजे गुप्त डिजिटल किल्लीची, सही होते. त्यामुळे एखादे पान आपल्याला मूळ मालकाकडून मिळाले की त्याच्याकडून आधी घेतलेल्या तिसऱ्याच माणसाकडून, याने काही बिघडत नाही: ठसा आणि सही जुळली की पान खरे. त्या रोजकीर्दीवरची खतावणी म्हणजे हायपरड्राइव्ह. कोणत्या नावाची फाईल रोजकीर्दीच्या कोणत्या पानांवर आहे एवढेच ती सांगते, आणि आपल्याला ब्राउझरमध्ये फोल्डर म्हणून दिसते ती ही खतावणी.

आता आपल्या कामाची गोष्ट. रोजकीर्द लिहिणारा कारकून एकच असावा लागतो. पत्ता म्हणजे सार्वजनिक की, ती कितीही जणांना द्या, ते फक्त वाचतील. लिहिणारी खाजगी की ज्या संगणकावर आहे, तोच संगणक लिहू शकतो. पुष्कळ लोक येथे हमखास एक चूक करतात, ती म्हणजे खाजगी की उचलून दुसऱ्या संगणकावर ठेवणे. मग काय होते? दोन कारकून एकाच क्रमांकाच्या पानावर वेगवेगळा मजकूर लिहितात आणि दोघेही मालकाचीच सही ठोकतात. वाचणाऱ्याच्या हाती एकाच पानाच्या दोन सहीशिक्क्यांच्या प्रती येतात, त्यांतली कोणती खरी मानायची याला उत्तर नसते, आणि तिथून पुढे ती रोजकीर्द बाद होते.

तेव्हा डेस्कटॉपची एक रोजकीर्द, लॅपटॉपची दुसरी, आणि प्रत्येकाने दुसऱ्याची फक्त वाचावी, ही जुनी आणि भक्कम रीत. अनेक लेखकांच्या रोजकीर्दी एका क्रमात ओवून दाखवणारे ऑटोबेस नावाचे साधन हायपरकोअरच्याच मंडळींनी केले आहे, पण ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी आहे. नोंदी लिहिणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

सरळमार्गी

हे सगळे वाचून मला एक प्रश्न पडला आहे, आणि तो रागाने विचारत नाही. एका माणसाच्या तीन यंत्रांवरच्या मजकुराच्या फाईली सारख्या ठेवण्यासाठी सिंकथिंग नावाचा प्रोग्रॅम २०१३ पासून फुकट उपलब्ध आहे. तोही पीअर-टू-पीअरच आहे, त्यालाही सर्व्हरवरचे खाते लागत नाही, आणि तो दोन्ही बाजूंनी लिहू देतो. फोल्डर निवडा, दोन यंत्रांची ओळख करून द्या, विसरून जा. ब्राउझर वाचायला असतो. त्याला फाईली वाहून न्यायला लावणे म्हणजे टपाल वाटायला ग्रंथपाल नेमण्यासारखे आहे.

टेकडीकर

सरळमार्गी, आपले म्हणणे मला बरेचसे मान्य आहे, पण ब्राउझरचा मोह मला का झाला ते सांगतो. माझ्या नोंदी एकमेकींना जोडलेल्या आहेत. यंदाच्या पळसाच्या नोंदीतून मागच्या तीन वर्षांच्या पळसाकडे दुवे जातात, छायाचित्रे मजकुरात बसलेली असतात, आणि ‘सालई’ या झाडाच्या वहीतल्या पानावरून सालईच्या सर्व फेऱ्यांची यादी निघते. हे सगळे ब्राउझरला जन्मजात येते. शिवाय एखाद्या विद्यार्थ्याला मी पत्ता दिला, की त्याच्याकडे माझ्या नोंदी जिवंत राहतात. मी रविवारी केलेली भर त्याला सोमवारी दिसते, आणि मी फाईल पाठवलेली नसते. सिंकथिंगमध्ये त्याला आधी माझ्या यंत्राशी जोडून घ्यावे लागेल.

लिहिण्याचेही तसेच. एका एचटीएमएल फाईलमध्ये सगळी वही मावणारी टिडलीविकी बीकरमध्ये उघडली, की ‘जतन करा’ म्हटल्यावर ती स्वतःलाच पुन्हा लिहून ठेवी. नेहमीच्या ब्राउझरमध्ये त्यासाठी दर वेळी फाईल उतरवून घ्यावी लागते किंवा वेगळी जोडणी लागते. क्रोममध्ये २०२० च्या अखेरीपासून परवानगी घेऊन डिस्कवरच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची सोय आली आहे, पण फायरफॉक्सने ती घेतलेली नाही, म्हणजे पुन्हा एकाच ब्राउझरच्या दावणीला बांधले जाणे आले.

बीकरनंतर मी ॲग्रेगोर हा ब्राउझर पाहिला. तो हायपर (म्हणजे हायपरकोअर), आयपीएफएस आणि बिटटोरंट या तिन्ही पीअर-टू-पीअर पद्धतींचे पत्ते उघडतो, आणि पानातल्या प्रोग्रॅमला, एरवी मजकूर मागवायला वापरतात त्या फेच आज्ञेनेच फाईल लिहूही देतो. खतावणी यांनी सांगितलेली एकाच लेखकाची अट तिथेही आहे, हे आज कळले. मागे माझी एक वही अचानक दुभंगली होती तिचे कारणही कळले. होय, मी की उचलून लॅपटॉपवर ठेवली होती.

गुरुवारची वीज

माझे नाव पुणेकरांना समजावून सांगावे लागणार नाही; इतरांसाठी सांगतो, पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते ती गुरुवारी. नेटवर्क हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून या चर्चेत राहून गेलेला एक मुद्दा मांडतो: दोन यंत्रे एकाच वेळी जागी असल्याशिवाय त्यांच्यात काहीही जुळत नाही. आपण सकाळी घरचा डेस्कटॉप बंद करून लॅपटॉप घेऊन निघता. संध्याकाळी लॅपटॉप पिशवीत मिटलेला असताना डेस्कटॉप सुरू करता. ही दोन यंत्रे एका घरात राहूनही महिनोन्‌महिने भेटणार नाहीत. सर्व्हरचे मुख्य काम साठवणे नाहीच, जागे राहणे हे आहे. बीकरच्या मंडळींना हे ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी हॅशबेस नावाची कायम जागी राहणारी सेवा सोबत चालवली होती. म्हणजे सर्व्हर नको म्हणताना दारात एक सर्व्हर उभा होताच.

दुसरी अडचण राउटरची. घरातल्या यंत्रांना बाहेरून थेट गाठता येत नाही, कारण राउटर आतून गेलेल्या विचारणेचेच उत्तर आत येऊ देतो. हायपरकोअरच्या जाळ्यात तिसरे यंत्र दोघांनाही एकमेकांचा ठावठिकाणा सांगते, दोघेही एकाच सुमारास एकमेकांकडे निरोप धाडतात, आणि प्रत्येक राउटरला वाटते की हे आपल्याच माणसाने मागवलेले उत्तर आहे. बहुतेक वेळा हे साधते. पण अनेक सेवादाते शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात, आणि तिथले यंत्र दर वेळी वेगळे दार उघडत असेल तर ही युक्ती फसू शकते. आपल्या राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहा: तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कोणत्याही आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपण अशा सामाईक पत्त्यामागे आहात. हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. अशा वेळी सिंकथिंग मधल्या टप्प्याच्या यंत्रांमार्फत वाहतूक करते; मजकूर कुलूपबंदच असतो, फक्त वेग कमी होतो.

माझा सल्ला असा की घरात एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) कायम चालू ठेवावा. तो ५ वॅट घेतो असे धरले तरी महिन्याला ३.६ युनिट होतात, म्हणजे बिलात शोधावे लागतील. मात्र त्याच्या मेमरी कार्डावर भरवसा ठेवू नका. लिहिणे चालू असताना वीज गेली की कार्ड बिघडते, आणि आपल्याकडे वीज कोणत्या वारी जाते ते सर्वांना माहीत आहे. कार्डाऐवजी छोटी एसएसडी डिस्क लावा आणि राउटरसाठी मिळते तसली लहान यूपीएस त्यालाही द्या.

सिंहगड रोडवाली

मला या चर्चेत एक भीती वाटते, ती विचारते. माझ्या नोंदींमध्ये आईच्या औषधांच्या मात्रा, रक्तदाब, साखर, डॉक्टरांनी तोंडी सांगितलेले बदल असे सगळे आहे. बंगळूरच्या भावाला ते रोज दिसावे अशी माझी इच्छा आहे. पत्ता ज्याच्याकडे तो वाचू शकतो, असे खतावणी म्हणाले. मग तो पत्ता भावाने चुकून घरच्या ग्रूपवर टाकला तर? आणि तिथून मी तो परत कसा घ्यायचा?

खतावणी

ताई, परत घेता येत नाही. हायपरकोअरमध्ये यंत्रे एकमेकांना शोधतात ती पत्त्याच्या ठशावरून, मूळ पत्त्यावरून नाही, त्यामुळे जाळ्यावर नुसते कान लावून बसलेल्याला आपला मजकूर वाचता येत नाही. पण पत्ता ज्याच्या हाती पडला त्याला वाचता येतो, आणि त्याने एकदा उतरवून घेतलेले पान त्याच्याकडून काढून घेण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही. फाईल खोडली तरी रोजकीर्दीत ‘ही फाईल आता नाही’ एवढी नवी नोंद होते. आधीच्या पानांवरचा मजकूर ज्यांच्याकडे पोचला आहे त्यांच्याकडे राहू शकतो. जोडलेल्या यंत्रांना एकमेकांचे आयपी पत्ते दिसतात, हेही लक्षात असू द्या.

पेशवे दफ्तरात कागद रुमालात बांधून ठेवलेले असत आणि हवा तो रुमाल सोडून पाहत. आपणही वाचकागणिक वेगळा रुमाल बांधावा. टेकडीच्या नोंदी विद्यार्थ्यांसाठी एका पत्त्यावर जाऊ द्या. आईच्या तब्येतीच्या नोंदी अशा रोजकीर्दीत घालूच नका. त्यासाठी सरळमार्गी यांचे सिंकथिंगच योग्य, कारण तिथे नुसता पत्ता कळून भागत नाही, दोन्ही यंत्रांनी एकमेकांना मान्यता द्यावी लागते. २०२१ पासून त्यात आणखी एक सोय आहे: एखाद्या यंत्राला अविश्वासू म्हणून नेमता येते, मग त्याच्याकडे फाईलींची केवळ कुलूपबंद प्रत राहते. म्हणजे पाय शेजाऱ्याच्या घरी ठेवला तरी शेजाऱ्याला साखर कळणार नाही.

सरळमार्गी

माझे नाव निघाले म्हणून एक भर घालतो. सिंकथिंगचे मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ नंतर बंद झाले. स्वयंसेवकांनी चालवलेली त्याची शाखा उपलब्ध आहे आणि मी तीच वापरतो, परंतु ‘विसरून जा’ असे मी वर लिहिले ते फोनच्या बाबतीत मागे घेतो. बॅटरी वाचवण्यासाठी फोन त्याला झोपवतो, आणि मग मीच त्याला उठवत बसतो.

पाठभेद

मी हस्तलिखितांवर काम करते, त्यामुळे दोन प्रतींत वेगळा मजकूर सापडणे ही माझ्यासाठी आपत्ती नाही, रोजचे अन्न आहे. टेकडीकरांनी दोनदा जुनी प्रत नव्यावर चढवली, हे वाचून मात्र पोटात कालवले.

येथे सगळे ‘जुळवणी’ हा एकच शब्द वापरत आहेत, पण त्यात दोन वेगळी कामे आहेत. प्रत पोचवणे हे एक काम, आणि दोन प्रती वेगळ्या निघाल्या तर काय करायचे हे ठरवणे हे दुसरे. भांडारकर संस्थेत १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. त्यात पोथ्या मिळवणे हा आरंभ होता, खरे काम पाठ ताडून पाहण्याचे होते. आणि त्या संपादकांची एक शिस्त मला फार मोलाची वाटते: त्यांनी एक पाठ वर घेतला, पण बाकीचे फेकून दिले नाहीत, पानाखाली नोंदवले. पुढच्या अभ्यासकाला संपादकाशी भांडायचे असेल तर त्यासाठी लागणारे सगळे साहित्य त्याच पानावर आहे.

या कसोटीवर आपली साधने लावून पाहा. पेनड्राइव्ह काहीच ताडून पाहत नाही. शेवटी आलेला पाठ आधीचा पुसून टाकतो. सिंकथिंग दोन्ही बाजूंनी बदल झाला आहे हे ओळखते, एक प्रत मूळ नावाने ठेवते आणि दुसरी नावात संघर्षाची खूण, तारीख आणि वेळ घालून शेजारी ठेवते. ते पाठ ठरवत नाही, पण हरवतही नाही. गिट हे प्रोग्रॅमरांचे आवृत्त्या राखण्याचे साधन दोन्ही प्रतींचा सामाईक पूर्वज जाणते, त्यामुळे वेगवेगळ्या ओळींवरचे बदल आपोआप एकत्र करते आणि एकाच ओळीवर वाद असेल तरच संपादकाला हाक मारते. चौथा प्रकार सीआरडीटी नावाच्या रचनांचा, ज्यांची रीतसर मांडणी २०११ मध्ये झाली आणि ज्यांच्यावर ऑटोमर्ज, वायजेएस ही साधने उभी आहेत. त्यांत प्रत्येक अक्षराला स्वतःची ओळख असते, त्यामुळे बदल कोणत्याही क्रमाने पोचले तरी सर्वांकडे शेवटी तोच मजकूर तयार होतो. सर्वांकडे तोच, याचा अर्थ अर्थपूर्ण असा मात्र नव्हे. दोघांनी एकाच शब्दाची दोन प्रकारे दुरुस्ती केली तर दोन्ही दुरुस्त्या एकमेकींत मिसळून तिसराच शब्द तयार होऊ शकतो, आणि हाक मारायला कोणी येत नाही. शिवाय तो सगळा इतिहास मजकुरासोबत वागवावा लागतो, म्हणजे साधी फाईल ही साधी राहत नाही. टेकडीकरांचा पहिला नियमच मोडला.

एकटा माणूस, तीन यंत्रे आणि प्रत्येक फेरीची वेगळी फाईल असताना खरा संघर्ष क्वचितच होईल. तो होईल तेव्हा दोन्ही पाठ समोर मांडणारे साधन हवे, परस्पर निकाल देणारे नको.

मुळेकाठ

आयपीएफएसचा उल्लेख ओझरता आला. त्यात काय वाईट आहे?

खतावणी

वाईट काही नाही, काम वेगळे आहे. आयपीएफएसमध्ये पत्ता मजकुरावरूनच निघतो. एक स्वल्पविराम बदलला की पत्ता बदलला. पूर्ण झालेला ग्रंथ ठेवायला ते उत्तम, रोज भर पडणाऱ्या वहीला गैरसोयीचे. न बदलणारा पत्ता हवा असेल तर त्यावर आयपीएनएस नावाची दुसरी पाटी लावावी लागते आणि ती वेळोवेळी पुन्हा जाहीर करत राहावी लागते. ब्रेव्ह ब्राउझरने २०२१ मध्ये आयपीएफएस आतच बसवले होते आणि २०२४ मध्ये काढून टाकले. टेकडीकरांना एकदा बसलेला चटका पुरेसा असावा.

टेकडीकर

तीन आठवड्यांनी परत आलो आहे. आपणा सर्वांच्या सल्ल्याने जे केले ते लिहितो.

मूळ नोंदी एकाच फोल्डरमध्ये आहेत आणि ते फोल्डर डेस्कटॉप, लॅपटॉप, फोन व पाय या चारांवर सिंकथिंगने सारखे राहते. पाय कपाटावर राउटरशेजारी आहे आणि त्यावर जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय चालू ठेवली आहे, म्हणजे मी एखाद्या फाईलवर काही चढवलेच तर आधीची प्रत तिथे सापडेल. रोज रात्री पाय त्याच फोल्डरची गिटमध्ये नोंद करतो. विद्यार्थ्यांसाठीचा भाग वेगळा निवडून पायवरच्या एका हायपरड्राइव्हमध्ये जातो, आणि त्याची खाजगी की पायवर असते, दुसरीकडे कुठेही नाही. तेथे लिहिणारा कारकून एकच. तो पत्ता विद्यार्थी ॲग्रेगोरमध्ये उघडतात. ही की हरवली तर नवा पत्ता काढून वाटावा लागेल, नोंदींचे काही जाणार नाही, म्हणून तिची मी फार काळजी करत नाही.

म्हणजे ब्राउझर माझ्याकडे राहिला, पण वाचनालयाच्या खिडकीत. वाहतूक सरळमार्गी यांच्या मार्गाने होते आहे, हे कबूल करतो.

पहिल्या गुरुवारी चार तास वीज नव्हती. पाय बंद पडला, यूपीएस दोन तासच पुरली, लॅपटॉप महाविद्यालयात होता. रात्री सगळे आपोआप जुळले. एका फाईलची संघर्षाची प्रत निघाली. मोई या झाडाबद्दल फोनवर ‘मोई’ आणि लॅपटॉपवर ‘मोई, पानगळ पूर्ण’ असे होते, हाताने निस्तरले.

एक गूढ मात्र उकलत नाही. फोनवर मी ‘पांढऱ्या कुड्याला बहर’ अशा नावाची फाईल केली. घरी आल्यावर डेस्कटॉपवर तेच नाव टंकून ती उघडायला गेलो, तर अशी फाईल नाही म्हणून नवी कोरी तयार झाली. आता एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाईली शेजारी शेजारी बसल्या आहेत, आणि ही संघर्षाची प्रत नव्हे. शोध घेतला तरी एकदा एक सापडते, एकदा दुसरी.

सरळमार्गी

खिडकीपुरता ग्रंथपाल मला मान्य आहे.

पाठभेद

टेकडीकर, आपले नाव एक दिसते पण दोन आहेत, आणि हा पाठभेद अस्सल मराठी आहे. ‘पांढऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. काही कळफलक त्यासाठी नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ घेऊन त्याला हलन्त आणि य जोडतात. काही साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य देतात. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही तंतोतंत सारखे उमटतात. संगणकाच्या लेखी ती वेगवेगळी अक्षरमाला आहे, आणि लिनक्स तर फाईलचे नाव बाइटगणिक ताडून पाहते. सिंकथिंगमध्ये युनिकोडचे (सर्व लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाचे) सामान्यीकरण करण्याची सोय आहे, पण तिचा येथे उपयोग नाही. एकसंध ऱ आणि र अधिक नुक्ता ही दोन रूपे ती एक करते, कारण युनिकोडच्या मते ती समानच आहेत; जुने मॅक फाईलींची नावे तशी फोडून ठेवत, त्यासाठी ती लागते. अदृश्य जोडचिन्हाचे रूप मात्र युनिकोडच्या लेखी वेगळेच नाव आहे, त्याला कोणी एक करत नाही.

आपल्या फोनचा कळफलक एक रूप देत असणार आणि डेस्कटॉपचा दुसरे. पायवर एक लहानसा प्रोग्रॅम लावून सर्व नावांतले जोडचिन्हाचे रूप नुक्त्याच्या ऱ मध्ये बदलून घ्या. मजकुरातही तेच करा, नाहीतर ‘वाऱ्यामुळे’ शोधल्यावर अर्ध्याच नोंदी मिळतील. आधी गिटची नोंद झाली आहे याची खात्री करा, आणि ज्या दोन फाईलींची नावे बदलल्यावर एक होतील त्या प्रोग्रॅमने एकीवर दुसरी चढवू नये, तुम्हाला दाखवाव्यात.

नावांची लांबीही पाहून घ्या. लिनक्सवर फाईलचे नाव २५५ बाइटांचे असू शकते, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे काना-मात्रा-हलन्त धरून ८५ चिन्हे झाली की नाव संपले. विंडोजवर ही मर्यादा २५५ चिन्हांची आहे. लॅपटॉप विंडोजचा असेल तर तिथे केलेले एखादे लांब नाव लिनक्सवर चालणाऱ्या पायवर उतरणारच नाही. हायपरच्या पत्त्यात तर एकेका चिन्हाची नऊ नऊ अक्षरे होतात. नुसती ‘टेकडी’ ४५ अक्षरांची होते.

टेकडीकर

प्रोग्रॅम चालवला. जोडचिन्हाची सतरा नावे निघाली, सगळी फोनवरची. लांबीमुळे अडकलेली एक फाईल निघाली, तिच्या नावात मी पूर्ण वाक्य लिहिले होते. आणि दोन नावे एक होऊ पाहणारी जोडी तीच एक, कुड्याची. तिच्यातली कोरी फाईल हाताने काढून टाकली.

मजकुरात मात्र त्या रूपाचे शब्द चारशेच्या वर आहेत. ते आज रात्री बदलायला लावतो, गिटची नोंद झाल्यावर.